खाऱ्या पाण्याची बरणी

२० एप्रिल १९७४, शनिवार

ही डायरी जानेवारीत पॉवर हाउसच्या एका ठेकेदाराने दिली होती. तेव्हापासून कोरीच पडून होती. आज उघडली, कारण घरात काहीतरी नवीन सुरू झालं आहे आणि लॅबची सवय अशी की नवीन काही सुरू झालं की त्याची नोंद ठेवायची. केमिस्टला दुसरं येतं काय?

माझा मेहुणा बळीराम आज आला. तो अंदमानात, पोर्ट ब्लेअरला, बंदराच्या बांधकामावर मिस्त्री आहे. बोटीने कलकत्ता, तिथून हावडा मेलने नागपूर आणि नागपूरहून बसने इथे खापरखेड्याच्या कॉलनीत. हातात रॉकेलचा डबा, त्यावर ओलं फडकं. मला वाटलं तिकडचं खोबरेल असेल. आत समुद्राचं पाणी होतं आणि त्या पाण्यात दोन मासे.

शामलाने त्याला दिवाळीत सांगितलं होतं, मामा, येताना खरा समुद्रातला मासा आण. शामला आमची मुलगी. नववीत होती. फेब्रुवारीत मेंदूज्वराने गेली. बळीरामला तार पोचली तेव्हा त्याला बोट नव्हती.

"तिनं मांगतले होते म्हणून आनले, भाऊजी," तो म्हणाला. "दुसरं काय करू, समजतच नोतं."

निघाला तेव्हा दहा-बारा होते म्हणे, वाटेत मरत गेले. मासे म्हणायचे, पण आहेत तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. अंग काचेसारखं आरपार, त्यावर तांबडे ठिपके, आणि डोळे अंगाच्या मानाने फार मोठे. नाव विचारलं तर बळीराम म्हणाला, नाव काही नाही, गुडघाभर पाण्यात खडकाच्या फटीत राहतात, एवढ्याशा जिवाला कोण नाव ठेवतो.

माझी बायको कौसल्या, बळीरामची थोरली बहीण, डब्याशी येऊन बसली आणि बराच वेळ बघत राहिली. फेब्रुवारीपासून ती कशाकडे अशी बघत बसलेली मला आठवत नाही.

जेवताना बळीरामने कौसल्याला अंदमानात नेण्याची गोष्ट काढली. "बाईले घेऊन जातो, भाऊजी. समुद्राच्या हवेनं जीव रमंल तिचा." परत कधी, ते त्याने सांगितलं नाही. कौसल्यानेही विचारलं नाही. मी बरं म्हटलं आणि ताक मागितलं.

२२ एप्रिल

पॉवर हाउसच्या बॉयलरला क्षार चालत नाही. नळ्यांच्या आत स्केल धरतं, म्हणजे पांढरा कडक थर चढतो, नळी तापते आणि एक दिवस फुटते. वीस वर्षं मी पाण्यातून मीठ काढण्याचा पगार घेतला. आता त्याच हातांनी मीठ घालतो आहे. बळीरामने आणलेल्या पाण्याचा नमुना तपासला आणि लॅबमधल्या रसायनांतून तसंच पाणी जमवलं. मोठी काचेची बरणी घेतली, भोवती ओलं गोणपाट, आणि ती कूलरच्या झोतात ठेवली. हवेसाठी गॅरेजमधून ट्रकची जुनी ट्यूब आणली. पंपाने फुगवायची आणि बारीक रबरी नळीतून हवा हळूहळू पाण्यात सोडायची.

माशांना फट हवी, म्हणून चिनी मातीची एक छोटी वाटी आणली, राख तपासायला वापरतो ती. बरणीच्या तळाशी आडवी ठेवली. दोघेही लगेच आत गेले. घर मिळालं की कोणीही जातं.

माझा हिशेब सरळ आहे. मासे जगले तर कौसल्याचं मन इथे लागेल. मन लागलं तर ती जाणार नाही. ती गेली तर परत येईल असं मला वाटत नाही. म्हणून मासे जगवायचे.

२६ एप्रिल

खाणं हा प्रश्न होता. तो कौसल्यानेच सोडवला. क्वार्टरमागच्या टाक्यात जे बारीक किडे वळवळतात ते ती मलमलीतून गाळते आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडते. ट्यूबमध्ये हवाही तीच भरते. माशांना तिने नावं ठेवली आहेत. पोट सुटलेली ती जाडी आणि दुसरा लुकडा.

"लुकडा लय भित्रा हाय," ती म्हणाली. "पयले जाडीले खाऊ देते, मंग खाते."

हे ती मला म्हणाली की बरणीला, ते कळलं नाही. मी "अस्सं" म्हटलं.

लॅबमधले मधुकरराव माझे वरिष्ठ. ते म्हणाले, "वहिनीसाठी चांगलं केलं गा, रुपराव. पण तू काहून असा वाळून राहिला?" मी म्हटलं, उन्हाळा आहे. मला काहीच झालेलं नाही. झोप लागते, भूक लागते, ड्यूटी चुकत नाही. लोक रडलो नाही म्हणून विचारतात. रडू आलं नाही, तर काय उसनं आणू?

३० एप्रिल

कौसल्या दुपारी आतल्या खोलीत उभी होती. ती खोली शामलाची. आता तिथे काही नाही.

ते मीच केलं. शामला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी कौसल्याला शुद्ध नव्हती. शेजारच्या सिंधूताईंकडे तिला निजवलं होतं. मी खोली रिकामी केली. कपडे, पुस्तकं, दप्तर, खाट, सगळं नदीपलीकडच्या वस्तीत वाटून टाकलं. फरशी फिनाइलने धुतली, भिंतींना चुना मारला. समोर दिसत राहिलं असतं तर कौसल्याला सोसलं नसतं. त्या दिवशी कॉलनीतले सगळे म्हणाले, रुपरावाने मन घट्ट ठेवलं.

ती घरी आली तेव्हा तिने विचारलं, "खोलीत होतं थे काय केलं?"

मी म्हटलं, "साफ केलं."

तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. नागपूरला रामदासपेठेतल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, धक्का आहे, वेळ लागेल. मलाही तसंच वाटतं.

६ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. विहारात वंदना झाली, खीर वाटली. मीही ओळीत बसून वंदना म्हटली. शब्द तोंडपाठ आहेत, तोंड आपोआप म्हणतं. दुःखाबद्दल भन्तेजी चांगलं बोलले असं लोक म्हणत होते. मी पंख्याचा आवाज ऐकत होतो, बेअरिंगमध्ये ग्रीस कमी पडलं आहे.

कौसल्या आली नाही. बरणीला ऊन लागतं म्हणाली.

८ मे

रेल्वेचा संप सुरू झाला. गाड्या बंद. बळीरामची नि कौसल्याची तिकिटं निघणार होती, ती आता कधी निघतील सांगता येत नाही. बळीराम नागपुरात लकडगंजला एका मित्राच्या आरागिरणीत राहायला गेला. तिथे स्टेशनची खबर लवकर मिळते आणि हातालाही काम आहे.

कौसल्याची ट्रंक मात्र भरून भिंतीशी ठेवलेली आहे. संप लांबावा असं मला वाटलं. देशभर लोक पगारासाठी तुरुंगात जात आहेत आणि मला हे वाटतं आहे. पण वाटलं.

११ मे

जाडी एका रात्रीत रोडावली. पोट पार आत गेलं. खाणं सोडलेलं नाही, मग हे कशाने? पाणी तपासलं, ठीक आहे.

आणखी एक गोष्ट दिसली. वाटीच्या आत, वरच्या बाजूला, बारीक दाणेदार थर धरला आहे. साबुदाण्याचा चुरा चिकटावा तसा. उन्हाने पाणी आटतं, क्षार वाढतो, स्केल धरणारच. वीस वर्षांत स्केल ओळखता आलं नाही तर काय उपयोग. शुद्ध पाणी घालून भर केली.

१२ मे

जाडी मेली. पहाटे पाण्यावर होती. कौसल्या उठायच्या आत मी काढून टाकली.

"जाडी कुठी गेली?"

"मेली."

"टाकली कुठी?"

"नालीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही चुकीचं केलं असेन असं मला वाटत नाही. मेलेला मासा पाण्यात ठेवला तर दुसराही मरतो.

१४ मे

लुकडा वाटीबाहेर येत नाही. खाणं समोर सोडलं तरी येत नाही. वाटीत उलटा होऊन त्या थराला चिकटल्यासारखा राहतो आणि पंख हलवत राहतो. आजारी आहे हे उघड आहे.

भिंग लावून थर बघितला. आता प्रत्येक दाण्यात काळे ठिपके दिसतात, जोडीजोडीने. आमच्या कॉलनीत चिमणीची राख सगळ्यावर पडते, वाळत घातलेल्या पापडांवरसुद्धा. पाण्यात उतरून स्केलमध्ये अडकली असणार. हे विषारी असू शकतं.

कौसल्याही भिंगातून बघत होती. आज तिचा चेहरा वेगळा होता. भिंग मला परत देताना म्हणाली, "आता याले हात लावू नोका." मी म्हटलं, मी कशाला हात लावतो. तिला आजाराची भीती वाटली असेल.

१६ मे, गुरुवार

दोन दिवस दोन नंबरच्या बॉयलरच्या नळ्या ॲसिडने धुतल्या. काम चांगलं झालं. नळ्या आतून आरशासारख्या निघाल्या, मधुकररावांनी पाठ थोपटली.

घरी आलो तेव्हा कौसल्या सिंधूताईंकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडायला गेली होती. लुकडा तसाच वाटीत. अंगावरचे ठिपके फिके पडलेले. वाट बघत बसणं मला जमत नाही. त्याला काडीने बाहेर काढलं, दोनदा परत आत शिरला. वाटी उचलली, पातळ ॲसिडमध्ये बुडवली, ब्रशने घासली, शुद्ध पाण्याने धुतली. थर सहज सुटला. स्केल इतकं मऊ नसतं, हे तेव्हा क्षणभर मनात आलं. वाटी दुधासारखी पांढरी झाली. परत ठेवली. लुकडा धावत आत गेला.

मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी हातून एक काम पुरतं झालं.

कौसल्या आली. बरणीपाशी वाकली. मग तिने विचारलं, "वाटीत होतं थे काय केलं?"

"साफ केलं."

ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. कैऱ्यांचं पातेलं दारातच राहिलं. ते मी उचलून ठेवलं.

१७ मे

लुकडा बरा झालेला नाही. वाटीत उलटा होतो आणि स्वच्छ चिनी मातीला पंखांनी वारा घालत राहतो. तिथे आता काहीच नाही. थोडा वेळ बाहेर येतो, इकडेतिकडे शोधतो, परत आत. कौसल्या बरणीकडे फिरकत नाही. किडे मीच गाळले, हवा मीच भरली.

१९ मे

कालपासून सगळीकडे राजस्थानातल्या अणुस्फोटाचीच गोष्ट. पॉवर हाउसवर पेढे वाटले. मी पेढा घरी आणला. कौसल्याने घेतला नाही. मी खाल्ला.

२१ मे

बळीराम संध्याकाळी भेटायला आला. बरणीत वाकून बघितलं आणि हसला.

"हा तं अंडे राखून राहिला, भाऊजी. तिकडंबी असंच करते. मादी दगडाच्या पोटाले अंडे लावते अन् निंगून जाते. मंग नर काई खात नाई, काई पीत नाई, नुसता पंखा करत बसते पिलं निंगेपरेंत. अंड्यात डोये दिसाले लागले का समजाचं, एक-दोन दिवसाचा खेळ हाय." मग त्याने आणखी वाकून बघितलं. "पण अंडे तं दिसत नाईत."

कौसल्या चूल फुंकत होती. तिने मान वर केली नाही.

मी म्हटलं, "मी धुतले."

बळीराम बरणीपासून उठला. मग म्हणाला, "असू द्या. इथं जगले नसतेच," आणि चहा न घेता निघाला.

जोडीजोडीने काळे ठिपके. ते डोळे होते. मी भिंगातून त्यांच्याकडे बघत होतो, म्हणजे तेही माझ्याकडे बघत असतील. मी त्यांना राख म्हटलं.

२२ मे

ड्यूटी केली. नमुने तपासले. काही वाटलं नाही.

२४ मे

काही वाटलं नाही असं परवा लिहिलं. ते खरं नाही. मागे लिहिलेली पानं आज वाचली. कौसल्याने दोनदा एकच प्रश्न विचारला आणि मी दोनदा एकच उत्तर दिलं. दोन्ही वेळा मला वाटलं की काम चांगलं झालं. तिला धक्का बसला आहे असं मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांना काय, जे सांगाल त्यावर औषध देतात.

शामलाचं दप्तर मी कोणाला दिलं तेसुद्धा मला आठवत नाही. चेहराच बघितला नव्हता. मला फक्त हात मोकळे करायचे होते. कौसल्याला सोसणार नाही असं म्हणालो. सोसणार नव्हतं ते मला.

हे तिला सांगायला हवं. कसं सांगतात ते मला येत नाही.

२८ मे, मंगळवार

संप मिटला. बळीरामचा निरोप आला, रविवारच्या मेलची दोन तिकिटं निघतील. कौसल्याने ट्रंक पुसली. लुकडा अजून वारा घालतो आहे. खात नाही.

३१ मे

लुकडा मेला. वाटीतच, बाजूवर पडलेला. ठिपके सगळे गेले होते, नुसती काचेची सळई.

माझा हात सवयीने बरणीत गेला आणि मी तो काढून घेतला. कौसल्या केस विंचरत होती. तिच्यापाशी गेलो.

"लुकडा गेला. त्याचं काय करू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. कंगवा केसातच.

"हे तुमी मले इचारून राहिले?"

"हो."

"तवा काहून नाई इचारलं?"

मी तिथेच फरशीवर बसलो. काय म्हणालो ते नीट आठवत नाही. भीती वाटली होती, असं म्हणालो. शामलाचा एक फ्रॉक घडी घालायला घेतला आणि जमलं नाही, म्हणून सगळे घड्या न घालताच गोणीत कोंबले, असं म्हणालो. नववीचं भूगोलाचं पुस्तक उघडलं होतं आणि लगेच मिटलं, असंही म्हणालो.

कौसल्याने कंगवा खाली ठेवला. म्हणाली, "मले वाटलं तुमाले काईच झालं नाई. बाप असून काईच झालं नाई. अन् मंग तुमी बरणीपाशी पहाटी उठून बसू लागले. म्हणून मी किडे गाळत होती. मले वाटे, हे मासे मेले तं हा मानूस एखांद्या दिवशी त्या बॉयलरात जाऊन पडंल."

म्हणजे मी तिच्यासाठी मासे जगवत होतो आणि ती माझ्यासाठी. मासे दोघांनाही ओळखत नव्हते.

लुकड्याला आम्ही क्वार्टरमागे, मोगऱ्याच्या आळ्यात ठेवलं. तिने माती ओढली.

"रविवारी जाशील?" मी विचारलं.

"ट्रंक भरली हाय," ती म्हणाली.

२ जून, रविवार

सकाळच्या बसने नागपूरला गेलो. ट्रंक मीच उचलली. स्टेशनवर संपानंतरची तोबा गर्दी, माणसांपेक्षा बोचकी जास्त. बळीराम आधीच येऊन फलाटावर जागा धरून उभा होता.

गाडी लागली. मी ट्रंक डब्यात चढवायला गेलो तेव्हा कौसल्याने कडी धरली.

"बळीराम, तू जाय," ती म्हणाली. "मी थंडीत येईन. ह्यायलेबी संगं आनीन."

"बाई, तिकीट काढलं ना वं."

"मी चालली जाईन तं हे माहंबी सगळं धुऊन टाकतीन. लुगडे, भांडे, समदं. संध्याकायपरेंत घर चकाचक करतीन."

बळीरामला हसावं की रडावं कळेना. मलाही. त्याने वाकून बहिणीच्या पायांना हात लावला, माझा हात दाबला आणि धावत चढला. गाडी गेली. फलाट हळूहळू रिकामा झाला. आम्ही दोघं ट्रंकेवर बसलो.

कौसल्या समोरच्या रुळांकडे बघत होती. "तिचं काईच नाई ठेवलं तुमी," ती म्हणाली. रागाने नाही. "एक रिबनबी नाई."

"नाही."

"दवाखान्यात तुमी होते तिच्यापाशी. मले डबा आनाले पाठवलं होतं. मी यायच्या आंधी गेली. काई बोलली का थे?"

चार महिन्यांत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. सांगून तिला आणखी दुखेल असं वाटलं होतं. मला असंच वाटत आलं आहे.

"बोलली," मी म्हटलं. "मधेच डोळे उघडले. म्हणाली, बाबा, आईले सांगजा, वेणी घट्ट नोको घालू, डोकं दुखते. मी म्हटलं, सांगतो."

कौसल्याने पदर तोंडाशी नेला. मला हुंदका आला तेव्हा आधी वाटलं ठसका लागला. मग थांबेचना. फलाटावरचा एक हमाल पाणी घेऊन आला आणि बाजूला ठेवून गेला.

डोळे पुसून ती म्हणाली, "अजून?"

"एवढंच. मग झोपली."

"पुना सांगा."

मी पुन्हा सांगितलं. डोळे कसे उघडले तिथपासून.